उतारावरची घरची बाग : आधी पाणी, मग पाय, मग पीक



आज आपण डोंगरउतारावर घरची बाग कशी आखायची ते बघणार आहोत. महाराष्ट्राबाहेर राहणारी आपली बरीच माणसं निवृत्तीनंतर डेहराडून, कुन्नूर, शिलाँग, कुमाऊं अशा ठिकाणी घर बांधतात. घर नीट बांधलेलं असतं, समोर देखावा असतो आणि घराखाली एकदम तुटलेला उतार असतो. त्या उताराचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्या पावसाळ्यानंतर पडतो.

सपाट जागेवर बाग करायची म्हटलं की माणूस आधी नर्सरीत जातो. उतारावर नर्सरी सगळ्यात शेवटी येते. तीन 'प' लक्षात ठेवा : पाणी, पाय, पीक. हा क्रम उलटा झाला तर बाग दोन-तीन पावसाळ्यांत खाली जाते, आणि जाताना कुणाच्या तरी घरावर जाते. म्हणून हा विषय नुसत्या हौसेचा राहत नाही.

उदाहरण म्हणून आमचीच जागा घेतो. राणीखेतच्या बाजूला, समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटर उंचीवर. रस्ता वर, त्याखाली घर, घराखाली बागेची जागा. बागेची रुंदी १२ मीटर, खालपर्यंतची लांबी आडवी मोजली तर २० मीटर, आणि एवढ्या अंतरात जमीन ८ मीटर खाली उतरते. म्हणजे १०० ला ४०, कोनात साधारण २२ अंश. डोंगरी भागात ही अगदी नेहमीची जागा.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते. नळीत पाणी भरायचं, बुडबुडे काढायचे, दोन टोकं दोन खुंट्यांना धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहतं. त्यावरून दर दोन मीटरला जमीन किती उतरली ते वहीत लिहा. एका सकाळचं काम आहे. फौजेत रेकीशिवाय हालचाल होत नाही. इथेही मोजमापाशिवाय कुदळ उचलू नका. मोजताना आणखी तीन गोष्टी टिपा : ऊन कुठून येतं, जुनी झाडं कुठे आहेत आणि जमीन कुठे कायम ओलसर असते. उतारावर एकाच ठिकाणी हिरवं, दाट गवत दिसलं तर तिथे आतून झरा पाझरत असण्याची शक्यता असते. तिथे भिंत बांधू नका आणि टाकीही ठेवू नका.

आता पहिला 'प', पाणी.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर १०० चौरस मीटरचं आहे. ५० मिलिमीटर पाऊस झाला की छपरावरून ५००० लिटर पाणी येतं. वजनात पाच टन.

आता मोठा पाऊस घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये, पावसाळा संपला असं समजून लोक निवांत झाले होते, तेव्हा कुमाऊंमध्ये १८ आणि १९ तारखेला प्रचंड पाऊस झाला. मुक्तेश्वरला २४ तासांत ३४० मिलिमीटरच्या वर नोंद झाली. तसा पाऊस आमच्या जागेवर पडला असं धरा. छपरावरून ३४ हजार लिटर. बागेच्या २४० चौरस मीटरवर ८१ हजार लिटर. मिळून सुमारे एक लाख पंधरा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा-साडेअकरा टँकर एका दिवसात. थोडं जमिनीत मुरेल. पण जमीन आधीच भिजलेली असेल तर फार मुरणार नाही. बाकीचं खाली जाणार. खाली कोण राहतं?

आमच्या खाली एक आमा राहतात. कुमाऊंत आजीला आमा म्हणतात. त्यांचं जुनं दगडी घर आहे, पुढे अंगण, बाजूला गोठा. आमच्या कामाचं आखणं चाललं होतं तेव्हा त्या काठी टेकत वर आल्या, दोऱ्या आणि खुंट्या बघितल्या आणि एकच वाक्य बोलल्या : "पानी तो नीचे ही आएगा साहब, बस बता दो किधर से आएगा."

आमांच्या या प्रश्नाचं उत्तर नकाशावर काढता येत नसेल तर नकाशा अपुरा आहे. पाणी माझ्या हद्दीतून बाहेर पडलं की माझी जबाबदारी संपली, असं उतारावर चालत नाही. म्हणून आखणीला वरून सुरुवात केली तरी पाण्याची वाट खालून ठरवा. आमच्याकडे बाजूला एक गधेरा आहे, म्हणजे आपल्याकडचा ओढा. पाणी तिथे सोडायचं तर वाट आमांच्या जमिनीच्या कडेने जाते. त्यांच्याशी बोलून ती वाट ठरवली, त्यांच्या बाजूचाही गटार दगडाने बांधून काढला, आणि आमच्या टाकीतून उरलेल्या पाण्याचा एक नळ त्यांच्या वाफ्यांपर्यंत नेला. कुठल्याही भिंतीपेक्षा हे काम आधी झालं.

आपल्या हद्दीत पाण्याची व्यवस्था चार भागांत करा.

एक, वरच्या बाजूला आडवी चर. रस्त्याचं आणि वरच्या उताराचं पाणी घराला आणि बागेला वळसा घालून बाजूला गेलं पाहिजे.

दोन, छपराचं पाणी पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून टाकीत. ते भिंतीच्या मागे मोकळं सोडणं ही डोंगरात सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट आहे. ५००० लिटरची भरलेली टाकी पाच टनांची असते, म्हणून ती भरावावर ठेवू नका. डोंगर कापून मिळालेल्या मूळ, घट्ट जमिनीवर ठेवा.

तीन, बागेच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत दगडी पायऱ्यांचा गटार. पाणी पायरीपायरीने उतरलं की त्याचा जोर मोडतो. मध्ये एक-दोन गाळखड्डे ठेवा. माती तिथे बसते आणि ती उचलून परत वाफ्यात घालता येते.

चार, शोषखड्डा. घरच्या सांडपाण्याचा शोषखड्डा बागेच्या भिंतीच्या वरच्या अंगाला नको. सपाटीवर शोषखड्डा जमिनीत जिरतो. उतारावर तो भिंतीच्या मागची माती बारा महिने भिजवत ठेवतो.

पाण्याची वाट ठरली की मग टप्पे. इथेही आधी आकडेमोड. १०० ला ४० उतार असेल तर १.२ मीटर उंचीच्या भिंतीमागे ३ मीटर रुंदीचा टप्पा मिळतो. त्यातून भिंतीची जाडी आणि गटार वजा करा. हातात सव्वादोन मीटरच्या आसपास राहतं. तेवढं कुटुंबाला पुरतं. दोन वाफे आणि मध्ये चालायची वाट बसते.

पण लोकांना एकच मोठं हिरवळीचं मैदान हवं असतं. आठ मीटर रुंद सपाटी करायची म्हटली तर ३.२ मीटर उंचीचा फरक कापून आणि भरून काढावा लागेल. ओली माती घनमीटरला जवळजवळ दोन टन भरते. भिंतीची उंची दुप्पट झाली की मागच्या मातीचा रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. त्यामुळे १.२ मीटरच्या तीन भिंती आणि ३.६ मीटरची एक भिंत ही एकच गोष्ट नव्हे. १.२ मीटरच्या वर जायचं असेल, किंवा भिंतीच्या वर घर, गाडी, टाकी असं वजन येणार असेल, तर इंजिनियरचं डिझाइन हवंच. तिथे काटकसर करू नका.

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. अतिवृष्टी हे मुख्य कारण होतं. वरच्या उतारावरच्या सपाटीकरणाचीही तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. आपली बाग लहान असते, पण माती, पाणी आणि उतार यांचं गणित तेच असतं.

आम्ही तीनच टप्पे केले, वरच्या नऊ मीटरमध्ये. खालचा अकरा मीटरचा उतार तसाच ठेवला. सगळा डोंगर सपाट करायची गरज नसते. जिथे रोज जायचं तिथे सपाटी करा. जिथे वर्षातून चार वेळा जायचं तिथे उतार राहू द्या, त्याची मुळं राहू द्या.

भिंत कोरड्या दगडाची. कोकणातल्या लोकांना गडगा सांगायला नको. पहाडात फौजी लोक आडोशाला सुटे दगड रचून जो सँगर करतात तोही त्याच जातीचा, पण मातीचा रेटा घेणारी भिंत जास्त काळजीने रचावी लागते. पाया ३० सेंटिमीटर तरी खाली, घट्ट जमिनीत. १.२ मीटर उंचीला तळाशी जाडी ६० सेंटिमीटर, माथ्याला ४०. पुढची बाजू डोंगराकडे झुकलेली. सांधेमोड नीट, म्हणजे उभे सांधे एकावर एक येता कामा नयेत. दर मीटरला एखादा लांब दगड भिंतीच्या आरपार. मागे एक फूटभर दगडगोट्यांचा भराव, म्हणजे पाणी खाली उतरतं आणि दगडांच्या फटींतून बाहेर पडतं. सिमेंटने सांधे भरले की ही वाट बुजते. मग पाणी बाहेर पडायला भोकं ठेवावी लागतात आणि ती दर वर्षी साफ करावी लागतात.

माती टाकताना आधी वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवा. भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी, किंचित ओला करून, धुम्मसाने ठोकून. शेवटी सुपीक माती वर. आणि टप्प्याचा कल आत, डोंगराकडे. दोन मीटरला पाच सेंटिमीटर पुरे. पाणी आतल्या कडेच्या गटारात जमतं आणि बाजूच्या पायऱ्यांच्या गटाराला मिळतं. कल बाहेर ठेवला तर जोराच्या पावसात पाणी भिंतीच्या माथ्यावरून उडी मारतं आणि खालच्या टप्प्याची माती घेऊन जातं.

आता दुसरा 'प', पाय.

घरात सगळ्यात कमी चालू शकणारं माणूस कोण, ते आधी ठरवा. बाग त्या माणसाच्या पायांनी आखायची. आमच्याकडे माझी आई आहे, वय ८८. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, आणि कोथिंबीर स्वतः खुडल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं मान्य प्रमाण बाराला एक. आठ मीटर उतरायला ९६ मीटर लांबीचा रॅम्प लागेल. एका टप्प्यासाठीसुद्धा साडेचौदा मीटर; आमची रुंदीच बारा आहे. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला खाली नेण्याचा नाद सोडा आणि त्याला लागणारं सगळं वर आणा. स्वयंपाकघराच्या दारातून एकही पायरी न उतरता पहिल्या टप्प्यावर जाता आलं पाहिजे. कोथिंबीर, पुदिना, मिरची, मेथी, लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी, बसायचा बाक, नळ, हे सगळं तिथेच. एक वाफा कमरेच्या उंचीला बांधून घेतलाय, खुर्चीत बसून हात पोचतो. संध्याकाळी भाजी निवडणं, नातवंडांवर ओरडणं आणि मला सूचना देणं ही तिन्ही कामं आई तिथूनच करते.

बाकीच्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा : रोज, आठवड्याला, हंगामाला. रोजचं पहिल्या टप्प्यावर. आठवड्याचं, म्हणजे बटाटा, राजमा, कोबी, मटार, दुसऱ्यावर. मुलांची खेळायची जागा तिसऱ्यावर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी. उतारावर चेंडूचे खेळ म्हणजे चेंडू आणायला दरीत जाणं. त्यापेक्षा वाळूचा हौद, झोका, आणि दोन टप्प्यांमधल्या उंचीचा फायदा घेऊन घसरगुंडी. प्रत्येक भिंतीच्या माथ्यावर कठडा हवा, निदान एक मीटर उंच. त्याचे खांब कोरड्या भिंतीत रोवायचे नाहीत, आतल्या बाजूला स्वतंत्र पाया द्यायचा.

पायरीची उंची १५ सेंटिमीटर, पाऊल ठेवायला ३५. पहिल्या टप्प्यावरून तिसऱ्यावर जायला २.४ मीटर उतरावं लागतं, म्हणजे १६ पायऱ्या, मध्ये आठावर विसावा. सगळ्या पायऱ्या एकसारख्या ठेवा. माणूस पडतो तो वेगळ्या उंचीच्या एका पायरीवर. जिना बागेच्या मधोमध सरळ उतरवू नका, पावसाळ्यात त्याचा ओढा होतो. भिंतीला समांतर, बाजूने उतरवा. हाताला सलग दांडी. जानेवारीच्या पहाटे इकडे दंव गोठतं, त्याला पाला म्हणतात. मराठी माणूस पाला म्हणजे पालापाचोळा समजतो आणि चहाचा कप घेऊन निघतो. गुळगुळीत फरशी पायरीला वापरू नका. खरबरीत दगड घ्या.

पायांबरोबर वजनाचाही विचार करा. जड वस्तू खाली जावी, वर येऊ नये. शेणखत, रेती, पोती रस्त्यावर, म्हणजे वर येतात. त्यांची कोठार-खोली वरच. टाकी वर असल्यामुळे पंपाशिवाय तिसऱ्या टप्प्यापर्यंत पाणी पोचतं. खतखड्डा लोक सगळ्यात खाली, नजरेआड करतात. मग खत पाठीवर वाहून वर आणावं लागतं आणि वर्षभरात तो खड्डा बंद पडतो. तो भाजीच्या टप्प्याच्या टोकाला करा : ओला कचरा बादलीतून खाली जातो, खत तिथल्या तिथे वापरलं जातं.

तिसरा 'प', पीक. इथवर आलात तर पीक सोपं आहे.

दगडी भिंत दिवसभर ऊन साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या पायथ्याशी, आतल्या गटारापासून हातभर सोडून टोमॅटो, मिरची लावा, थंडीचा मार कमी बसतो. थंड हवा पाण्यासारखीच खाली वाहते आणि अडली की साचते. म्हणून बागेच्या खालच्या हद्दीला गच्च कुंपण नको. हवा निघून जायला फटी ठेवा.

खालच्या न कापलेल्या उतारावर फळझाडं : आलूबुखार, खुमानी, माल्टा, अगदी तळाला अक्रोड. अक्रोड वर्षातून एकदाच गोळा करायचा आणि वाळलेला हलका, म्हणून तो सगळ्यात लांब. प्रत्येक झाडाला खालच्या बाजूने अर्धचंद्राकार दगडी बांध. मोठं होणारं झाड भिंतीवर किंवा भिंतीला लागून लावू नका, मुळं दगड सरकवतात. कडेला भीमल लावा. इकडचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या बांधावर तेच लावतात, चारा मिळतो आणि माती धरली जाते. जागेत बांज म्हणजे इकडचा ओक असेल तर त्याला हात लावू नका.

माकडं येणारच. हळद, आलं, लसूण, मिरची यांच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. बिबट्याही या भागात आहे. त्यामुळे घराजवळचं गचपण काढलेलं बरं, जिन्यावर दिवा हवा, आणि अंधार पडल्यावर लहान मुलं तिसऱ्या टप्प्यावर नकोत.

शेवटी देखभाल. कुमाऊंत बांधकाम पावसाळा संपल्यावर सुरू करा आणि जूनच्या आधी संपवा. निलगिरीत ऑक्टोबर ते डिसेंबरही पाऊस असतो, तिथे जानेवारी ते मार्च धरा. पावसाळ्याच्या आधी सगळे गटार आणि गाळखड्डे साफ करा. आणि या खुणा ओळखायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा : भिंतीला पोट आलं, भिंतीतून गढूळ पाणी येऊ लागलं, टप्प्यावर कडेला समांतर भेग पडली, सरळ असलेलं झाड किंवा खांब कलला, रोज बंद होणारं फाटक अचानक अडकायला लागलं. यांतलं काहीही पावसात दिसलं तर आधी माणसं हलवा, आपली आणि खालच्या घरातलीही. फोन इंजिनियरला नंतर, खालच्या घराला आधी. आमांचा नंबर आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला आहे, आईला चष्म्याशिवाय दिसेल एवढा.

तुमच्याकडे उताराची जागा असेल तर पुढच्या जोराच्या पावसात एक काम करा. छत्री घ्या, चांगल्या पकडीचे बूट घाला, सुरक्षित जागी उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुणाच्या दारात जातं ते बघा. ते कागदावर काढा आणि कागद घेऊन खालच्या घरी चहाला जा. बागेचा पहिला नकाशा तिथे बसून पुरा होतो.